बदकाची पिल्लं जुन्या कळपात मिसळणं

परसात आधीपासून रुळलेल्या बदकांच्या कळपात वाढती पिल्लं टप्प्याटप्प्याने आणून सोडायची पद्धत. कळपात वर कोण, खाली कोण हे ठरलेलं असतं. टोचाटोचीचा हा क्रम नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास मांडला, पण तो कोंबड्यांवरून. बदकांत ही उतरंड तेवढी कडक नसते असं मानणारे आहेत आणि ते जास्त पटतं, तरी नवीन पिल्लू दिसलं की जुनी मादी मान जमिनीसरशी लांब करून धावते आणि पाठीवरची पिसं चोचीत धरून ओढते, हे बहुतेक ठिकाणी बघायला मिळतं.

कधी सोडायचं हे वयापेक्षा पिसांवरून ठरवावं. साधारण सात-आठ आठवड्यांत लव जाऊन पक्की पिसं येतात. त्याआधी पाण्याचा प्रश्न असतो, आणि त्यावर मतभेद आहेत. जुनं मत असं की शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचं तेल आईच्या अंगावरून पिल्लांना लागतं म्हणून ती भिजत नाहीत. नंतरच्या अभ्यासकांचा कल पिसांच्या बारीक रचनेकडे आहे, तेल ती रचना नीट राखतं एवढंच. दुसरं मत जास्त सयुक्तिक वाटतं. पण या दोन्हींपैकी कुठलंही कारण धरलं तरी मशीनमध्ये उबवलेली, आईविना वाढलेली पिल्लं जुन्या कळपाबरोबर हौदात उतरली तर भिजून गारठतात, आणि दमली की बुडतातसुद्धा.

कळपात सोडण्याआधी नवीन पिल्लं दोन ते चार आठवडे पूर्ण वेगळी ठेवतात, भांडीसुद्धा वेगळी. बदकांचा प्लेग हा नागीण गटातल्या विषाणूचा रोग, १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदलेला, आणि त्यातून वाचलेलं बदक धडधाकट दिसत असूनही विषाणू बाळगून राहू शकतं, म्हणून नुसतं बघून भरवसा ठेवू नये. मग जाळीआड शेजारी, एकमेकांना दिसतील पण चोच पोचणार नाही असं आठवडाभर तरी. एकटं पिल्लू कधीच सोडू नये, दोन-तीन तरी बरोबर हवीत.

खाद्यात बरेच जण चुकतात. अंडी देणाऱ्या बदकांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. म्हणून एकत्र आल्यावर सगळ्यांना वाढीचं खाद्य आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. पिल्लांना नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय वाकतात.

खरा धोका नरांचा. ते लहान माद्यांवर चढतात, पाण्यात हे जिवावर बेततं. मस्कोव्ही या बदकाच्या जातीत नर तर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. मानेमागची पिसं उपटलेली दिसली तर त्या नराला लगेच वेगळं काढावं, पिल्लांना नाही.