अणुकेंद्रकांचे भ्रमण आणि सममितीच्या खुणा

शिसे-२०८ या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात आणि त्याचा आकार जवळजवळ परिपूर्ण गोल असतो. असे गोल केंद्रक स्वतःभोवती फिरत आहे, या विधानाला पुंज यांत्रिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) काही अर्थ उरत नाही. शिवण किंवा डाग नसलेला गुळगुळीत चेंडू कोणी थोडा वळवून ठेवला, तर पाहणाऱ्याला ते ओळखता येत नाही, पण त्या चेंडूतले कण निदान नव्या जागी गेलेले असतात. केंद्रकाच्या बाबतीत तेवढाही फरक शिल्लक राहत नाही. तेथले प्रोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, न्यूट्रॉनही तसेच, आणि वळवण्यापूर्वीची व वळवल्यानंतरची अवस्था शब्दशः एकच असते. जेथे दोन स्थितींत भेदच नाही, तेथे एकीतून दुसरीत जाण्याच्या गतीला ऊर्जाही असू शकत नाही. म्हणूनच शिसे-२०८ ची पहिली उत्तेजित पातळी मूळ पातळीच्या तब्बल २६१५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एकक) वर आढळते, आणि ती भ्रमणाची नसून केंद्रकाच्या पृष्ठभागाच्या कंपनाची असते.

याउलट युरेनियम-२३८ ची पहिली उत्तेजित पातळी केवळ ४४.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे, आणि तिच्या वरच्या पातळ्या १४८.४, ३०७.२ व ५१८.१ वर येतात. या चार आकड्यांकडे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा तिच्या कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या गतीच्या मापाच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि पुंज यांत्रिकीत या वर्गाची जागा I(I+१) हा गुणाकार घेतो; येथे I म्हणजे कोनीय संवेगाचा पूर्णांक आकडा. I ला २, ४, ६, ८ या किमती दिल्या तर हा गुणाकार ६, २०, ४२, ७२ असा येतो, म्हणजे पहिल्या पातळीच्या मानाने पुढच्या पातळ्या अनुक्रमे ३.३३, ७ आणि १२ पट उंचीवर असायला हव्यात. प्रत्यक्ष मोजमापातून ही गुणोत्तरे ३.३१, ६.८४ आणि ११.५ अशी मिळतात. दोनशे अडतीस कण अतिशय गुंतागुंतीच्या बलांनी एकमेकांना बांधलेले असताना त्यांच्या ऊर्जेचा हिशेब शालेय गणितातल्या एका गुणाकारावर इतका नेमका बसावा, ही भौतिकशास्त्रातील अत्यंत सुंदर गोष्टींपैकी एक आहे, असे मला मनापासून वाटते. हा जो थोडासा फरक उरतो, तोही अर्थपूर्ण आहे, कारण वेग वाढू लागला की केंद्रकाचे जडत्व परिबल (फिरण्याची गती बदलण्यास होणारा विरोध) किंचित वाढते आणि पातळ्या अपेक्षेपेक्षा थोड्या खाली सरकतात.

पण या मालिकेत १, ३, ५ हे विषम आकडे कोठे गेले? मोजमापात ते निसटले, असे नाही. ते तेथे असूच शकत नाहीत. युरेनियम-२३८ चे केंद्रक लंबगोल असते आणि त्याची दोन्ही टोके सारखी असतात. त्याच्या लांब अक्षाला काटकोनात असलेल्या अक्षाभोवती ते अर्धा फेरा वळवले, तर ते पुन्हा जसेच्या तसे दिसते, म्हणून त्याचे वर्णन करणारे तरंगफलनही या अर्ध्या फेऱ्यानंतर बदलता कामा नये. कोनीय संवेग सम असेल तर ही अट पाळली जाते. विषम असेल तर तरंगफलनाचे चिन्ह उलटते आणि ती अवस्था बाद होते. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची दोन्ही टोके सारख्या ऑक्सिजन अणूंची असतात, तेव्हा त्याच्या मूळ अवस्थेतील भ्रमणाच्या पातळ्यांतही अशाच कारणाने फक्त सम आकडे दिसतात. थोडक्यात, मोडलेल्या सममितीमुळे भ्रमण शक्य होते आणि न मोडलेल्या सममितीमुळे त्या भ्रमणातल्या काही पायऱ्या गायब होतात. केंद्रकाचे छायाचित्र कोणी काढू शकत नाही, पण गॅमा किरणांच्या वर्णपटात कोणत्या पायऱ्या आहेत आणि कोणत्या नाहीत, यावरून त्याचा आकार वाचता येतो.

सगळी केंद्रके गोल नसतात, याचा पहिला पुरावा १९३५ मध्ये शूलर आणि श्मिट यांना युरोपियमच्या वर्णरेषांच्या अतिसूक्ष्म रचनेत मिळाला. १९५० मध्ये जेम्स रेनवॉटर यांनी या विरूपणाचे कारण सुचवले : पूर्ण भरलेल्या कवचांबाहेरचे (म्हणजे कणांच्या ऊर्जा-थरांबाहेरचे) कण ठरावीक दिशेच्या कक्षांत फिरतात आणि आतल्या गाभ्याला आपल्या बाजूला ताणतात. कोपनहेगनमध्ये आगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी पुढच्या काही वर्षांत या कल्पनेवरून भ्रमणाचा संपूर्ण सिद्धांत उभा केला, आणि १९७५ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले. बाहेरच्या कणांची संख्या वाढत जाते तसतसा आकार कसा पालटतो, हे समेरियमच्या समस्थानिकांत टप्प्याटप्प्याने दिसते. समेरियम-१४८ मध्ये दुसऱ्या पातळीचे पहिलीशी गुणोत्तर २.१४ आहे, जे कंपन करणाऱ्या गोल केंद्रकाच्या २ या आकड्याजवळ जाते. समेरियम-१५० मध्ये ते २.३२, समेरियम-१५२ मध्ये एकदम ३.०१ आणि समेरियम-१५४ मध्ये ३.२५ होते. अवघ्या सहा न्यूट्रॉनांच्या भरीने केंद्रक गोलाकडून लंबगोलाकडे जाते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. युरेनियम-२३८ च्या मूळ अवस्थेचा कोनीय संवेग शून्य असतो, म्हणजे बाहेरून पाहता तिला कोणतीच दिशा नसते. लंबगोल आकार केंद्रकाच्या स्वतःच्या चौकटीत असतो, आणि मूळ अवस्थेत त्याच्या सगळ्या दिशा सारख्याच प्रमाणात मिसळलेल्या असतात. निसर्गाच्या नियमांची गोल सममिती अशा रीतीने अबाधितच राहते.

या फिरण्याचा आतला कारभार मात्र घट्ट, ठोस वस्तूसारखा नाही. मोजलेले जडत्व परिबल ठोस वस्तूच्या अपेक्षित परिबलाच्या निम्म्याहूनही कमी भरते, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या जोड्या करून जवळजवळ अतिप्रवाही द्रवासारखे वागतात आणि सगळे द्रव्य भ्रमणात सामील होत नाही. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे डिस्प्रोशियम-१६० वर झालेल्या प्रयोगात एक विलक्षण वर्तन दिसले : कोनीय संवेग वाढत असूनही एका टप्प्यावर भ्रमणाची गती कमी झाली. वेगाने फिरताना न्यूट्रॉनांची एक जोडी फुटते आणि ते दोन्ही न्यूट्रॉन आपला संवेग भ्रमणाच्या अक्षाच्या दिशेला वळवतात, हे त्याचे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. पुढे १९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी प्रयोगशाळेत कॅल्शियम-४८ ची केंद्रके पॅलेडियम-१०८ वर आदळवून डिस्प्रोशियम-१५२ तयार करण्यात आले. त्यातून जवळजवळ समान अंतरावर, सुमारे ४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फरकाने, एकोणीस गॅमा रेषा ओळीने मिळाल्या. त्या केंद्रकाची लांबी त्याच्या रुंदीच्या दुप्पट होती आणि ते सेकंदाला १०^२० (म्हणजे एकावर वीस शून्ये) या कोटीतले फेरे घेत होते.

काही केंद्रकांत दोन टोकांची समानताही नाहीशी होते. रेडियम-२२४ चा आकार नासपतीसारखा, एका बाजूला निमुळता असतो. २०१३ मध्ये सर्न येथील आयसोल्डे या सुविधेत झालेल्या प्रयोगाने त्याचा स्पष्ट पुरावा दिला. आता अर्धा फेरा वळवल्यावर केंद्रक पूर्ववत दिसत नाही, तेव्हा विषम आकड्यांवरची बंदी उठते आणि १, ३, ५ या पातळ्या, उलट समतेच्या (म्हणजे सगळ्या दिशा उलटवल्यावर तरंगफलनाचे चिन्ह बदलणाऱ्या), सम पातळ्यांच्या सोबतीला प्रकट होतात. वरच्या कोनीय संवेगांना तर त्या सम पातळ्यांमध्ये एकाआड एक गुंफल्या जातात. अशा केंद्रकांत विद्युत द्विध्रुवाचा अतिसूक्ष्म परिणाम कितीतरी पटींनी वाढून दिसू शकतो, म्हणून काळाच्या दिशेची सममिती मोडणाऱ्या बलांचा शोध घेणाऱ्या प्रयोगांत रेडियम-२२५ ला विशेष महत्त्व आले आहे.

उजव्या आणि डाव्या हातांतला भेद केंद्रकातही असू शकतो, असे फ्राउएनडॉर्फ आणि मेंग यांनी १९९७ मध्ये दाखवले. केंद्रकाचे तिन्ही अक्ष असमान असतील, आणि एका प्रोटॉनाचा, एका न्यूट्रॉनाचा व उरलेल्या गाभ्याचा कोनीय संवेग तीन परस्परलंब दिशांना असेल, तर त्या तिघांची मांडणी उजवी किंवा डावी होते आणि जवळजवळ समान ऊर्जेच्या पातळ्यांच्या दोन मालिका मिळायला हव्यात. प्रासिओडिमियम-१३४ मध्ये अशा जुळ्या मालिका सापडल्या खऱ्या, पण त्या पातळ्यांचे आयुष्य मोजल्यावर दोन्ही मालिकांतील गॅमा संक्रमणांची तीव्रता सारखी नसल्याचे आढळले. खरी जुळी भावंडे असती तर ती सारखी असायला हवी होती. त्या मानाने सीझियम-१२८ मधील मालिका या कसोटीवर बऱ्याच चांगल्या उतरतात, आणि केवळ पातळ्यांची ऊर्जा जुळली म्हणून निष्कर्ष काढायचा नाही, संक्रमणांचा वेगही तपासायचा, ही सवय या क्षेत्रात तेव्हापासून रुळली आहे.