‘एता’: हुकमाने रद्द झालेले नाव

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘चिरिबुकुरो’ या जपानी कोशवजा ग्रंथात ‘एता’ हा जपानमधील एका बहिष्कृत समाजाला हिणवणारा शब्द ‘एतोरी’वरून, म्हणजे शिकारी ससाण्यांसाठी मांस आणणाऱ्यांच्या नावावरून आल्याचे म्हटले आहे. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. मात्र ती ग्राह्य धरल्यास हे मुळात केवळ एका कामाचे नाव ठरते. शब्द लिहिताना ‘विटाळ’ आणि ‘पुष्कळ’ या अर्थांची दोन चिन्हे जोडली गेली, आणि मग उच्चारात नसलेला अपमान लेखणीने कायमचा पक्का केला. मृत्यू व रक्त यांचा विटाळ मानणारी शिंतो धारणा आणि प्राणिहत्येला पाप ठरवणारी बौद्ध शिकवण यांचे त्याला पाठबळ होते.

तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) ही हेटाळणी जन्मावर आधारित दर्जा बनली. मेलेली गुरे उचलणे, कातडी कमावणे, मृत्युदंडाच्या वेळी राबणे ही कामे ‘एतां’कडे वंशपरंपरेने आली. ज्यांच्या हातच्या चामड्याशिवाय सामुराईचे चिलखत किंवा देवळातला ढोल तयार होत नसे, त्यांनाच गावाबाहेर ठेवले जाई. मेलेली गुरे ओढण्याचे काम आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांची जोडी मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१८७१ मध्ये तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने ‘एता’ व ‘हिनिन’ (शब्दशः ‘माणूस नसलेले’, असाच दुसरा बहिष्कृत गट) ही नावे रद्द करून या लोकांना सामान्य प्रजेत सामील केले. परंतु त्याच वर्षी मेलेल्या जनावरांवरचा त्यांचा परंपरागत हक्क काढून घेण्यात आला आणि त्या बदल्यात जमीन वा भांडवल मिळाले नाही. हुकमाला विरोधही झाला. १८७३ मध्ये मिमासाका भागातील दंग्यांत या समाजाच्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि माणसे मारली गेली. नवे नावही फार काळ निर्मळ राहिले नाही. ‘शिन-हेइमिन’, म्हणजे ‘नवे प्रजाजन’, हा शब्द लोकांच्या तोंडी थोड्याच काळात हिणवण्याचा झाला. पुढे सरकारी कागदपत्रांत रुळलेल्या ‘तोकुशु बुराकु’ (विशेष वस्ती) या शब्दाचीही तीच गत झाली. ‘बुराकु’चा साधा अर्थ वाडी किंवा वस्ती एवढाच आहे, तरी त्यालाही हा डाग चिकटला.

या साखळीला खरा छेद दिला तो ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे स्थापन झालेल्या ‘सुइहेइशा’ या याच समाजाच्या संघटनेने. तिचे एक संस्थापक साइको मानकिची यांनी लिहिलेल्या तिच्या जाहीरनाम्यात, आपण ‘एता’ असल्याचा अभिमान बाळगता येईल अशी वेळ आली आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले होते. दुसऱ्याने दिलेले सौम्य नाव मागण्याऐवजी अपमानाचेच नाव ताठ मानेने उच्चारणे, हे या इतिहासातील सर्वांत धाडसी पाऊल होते असे मला वाटते.

आज ‘एता’ हा शब्द जाहीर व्यवहारात निषिद्ध मानला जातो. भेदभावाने मात्र शब्दाची गरज ठेवलेली नाही, कारण आता वस्तीचा पत्ता पुरतो. अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुपचूप विकल्या जात असल्याचे १९७५ मध्ये उघड झाले. नोकरीच्या उमेदवारांचे मूळ तपासण्यासाठी दोनशेहून अधिक कंपन्यांनी व संस्थांनी त्या विकत घेतल्या होत्या. २०१६ मध्ये हा भेदभाव दूर करण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, तोवर तशाच याद्या इंटरनेटवर पोहोचल्या होत्या.