नोकरी बदलणे आणि क्षेत्र बदलणे : रुळण्याचा हिशेब एकच का नाही

नोकरी बदलणाऱ्याला आणि क्षेत्र बदलणाऱ्याला आपल्याकडे एकच सल्ला दिला जातो : पहिले दोन-तीन महिने अवघड जातात, मग माणूस आपोआप रुळतो. पहिल्याच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करतो, आणि तीन महिन्यांनंतरही चाचपडणारा चांगला कर्मचारी स्वतःला नालायक समजू लागतो.

नोकरी बदलण्याचा अनुभव बहुतेकांना असतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेलेल्या सुपरवायझरला नवे मालक, नव्या पाळ्या आणि नवी माणसे समजून घ्यावी लागतात. माग तेच असतात. पगार आणि पद यांतला फरक दोन्हीकडे असू शकतो, त्यावर फार बोलण्यासारखे नाही. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा क्रमांक, दोन्ही बदलांत तोच राहतो.

खरा फरक आहे तो कोणती चूक किती वजनाची आहे हे ओळखण्यात. टेरी टॉवेलच्या मागावर तळाच्या धाग्यांचा बीम (धागे गुंडाळलेला रूळ) ताठ आणि टॉवेलवर फासे, म्हणजे धाग्यांचे वळसे, उमटवणाऱ्या धाग्यांचा बीम सैल असतो. फासे आखूड पडू लागले, की अनुभवी सुपरवायझरला ताण बिघडल्याचे कळते, आणि माग ताबडतोब थांबवायचा की हातातले काम उरकून पाहायचे, हे तो क्षणात ठरवतो. बिघडलेला टॉवेल सेकंडचा माल म्हणून कमी भावात का होईना, विकता येतो. हाच माणूस, समजा वाणिज्य शाखेची पदवी असल्यामुळे, कर सल्लागाराच्या ऑफिसात रुजू झाला. तिथे एक बिल जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या मासिक विवरणपत्रात, चुकीच्या खरेदीदाराच्या क्रमांकावर चढले, तर एकूण करात एका रुपयाचाही फरक पडत नाही, म्हणून त्याला ती चूक किरकोळ वाटते. परंतु खऱ्या खरेदीदाराला ते बिल त्याच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यात दिसत नाही, त्याचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकते आणि तो अशिलाचे पैसे रोखून धरतो. उलट, महिन्याच्या ४ तारखेला कच्च्या वहीत सापडलेल्या बेरजेच्या चुकीने तो रात्रभर अस्वस्थ राहतो, वास्तविक ११ तारखेला विवरणपत्र भरण्याआधी ती सहज दुरुस्त होते.

नोकरी बदललेल्या माणसाला आपल्याला काय माहीत नाही हे माहीत असते आणि तो ते विचारून घेतो. क्षेत्र बदललेल्या माणसाला काय विचारायचे हेच उमगलेले नसते. ‘अडलं तर विचारा’ असे सांगून मोकळे होणाऱ्या वरिष्ठांबद्दल माझी तक्रार आहे ती यामुळेच. नवख्याला अडतच नाही, तो आत्मविश्वासाने पुढे जातो. त्याऐवजी वरिष्ठाने प्रत्येक काम सोपवतानाच सांगावे, की हे चुकले तर नुकसान कोणाचे होते आणि ते कधीपर्यंत सुधारता येते. वरिष्ठ सांगत नसेल, तर नवख्याने हे दोनच प्रश्न दर वेळी विचारावेत. महागडे प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी यानंतरच्या जागी ठेवतो, कारण त्यांत नियम शिकवले जातात, चुकांची उतरंड शिकवली जात नाही.

‘सगळे शून्यापासून सुरू करावे लागते’ हे वाक्यही मला पटत नाही. पाळी वेळेवर सुरू करणे, कामगारांशी न चिडता बोलणे, बिघाडाची नोंद लगेच करणे या सवयी सुपरवायझरबरोबर येतातच. नव्याने घडवावी लागते ती फक्त पारख.

ती पारख कामाचे एक पूर्ण चक्र पाहिल्याशिवाय येत नाही. कर सल्लागाराकडे ते चक्र किमान वर्षाचे असते, कारण मासिक विवरणपत्रांतल्या चुका बऱ्याचदा ३१ डिसेंबरच्या मुदतीच्या वार्षिक विवरणपत्राची जुळवाजुळव करताना उघड्या पडतात. म्हणून त्याच क्षेत्रातून आलेल्या माणसाला कायम करण्याचा निर्णय तीन महिन्यांत घ्यायला हरकत नाही, पण क्षेत्र बदलून आलेल्याची परीक्षा त्याने एक वार्षिक विवरणपत्र हाताळल्यानंतरच घ्यावी, आणि तोवरची त्याची कामे दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय ऑफिसबाहेर जाऊ देऊ नयेत.