नळाची लाईन आपल्या वस्तीपर्यंत कशी आणायची: अर्ज, कागदपत्रं आणि ठेकेदाराचं काम

गावात टाकी उभी राहते, चौकापर्यंत निळ्या पट्ट्यांचा काळा पाईप येतो आणि काम तिथंच थांबतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया तशाच गुंड डोक्यावर घेऊन विहिरीची वाट धरतात. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, "माझ्या इस्टिमेटात एवढंच आहे." बरेचदा तो खरंच बोलत असतो. अंदाजपत्रकात नसलेल्या पाईपाचं बिल निघत नाही, म्हणून तो टाकतही नाही. आपल्या दारी नळ येणार की नाही, हे जेसीबी गावात यायच्या कितीतरी आधी एका नकाशावर ठरलेलं असतं. तो नकाशा वेळेवर बघणं आणि आपली वस्ती त्यात घालून घेणं, अर्ध्याहून जास्त काम इथेच आहे. म्हणून ही माहिती त्याच क्रमानं देतो.

हक्क कोणाचा?

15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशन या केंद्राच्या योजनेत प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला घरच्या घरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पिण्यायोग्य पाणी, असं उद्दिष्ट आहे. मूळ मुदत 2024 पर्यंत होती. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवली. त्यामुळे "योजना संपली, आता काही होत नाही" असं कोणी सांगितलं तर मान हलवून परत येऊ नका.

यात उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही, दारिद्र्यरेषेचीही नाही. घर गावठाणात असो की तांड्यावर, पोडावर, टोल्यावर नाहीतर बेड्यावर, तिथं कुटुंब राहतं एवढं पुरे. गायरानावर घर बांधलेली माणसं अर्ज करायलाच घाबरतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधली नोंद ही कर आकारणीसाठी असते, तिच्यानं जागेची मालकी मिळत नाही; पण तुम्ही तिथं राहता आणि कर भरता हे ती दाखवते. नळ मागायला तीच कामी येते.

यवतमाळकडचे कोलाम पोड आणि गडचिरोलीतली माडिया गोंडांची गावं यांनी अर्जात आपल्या जमातीचा उल्लेख जरूर करावा. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात या आदिम जमातींच्या वस्त्यांना नळाचं पाणी हाही एक भाग आहे. घरं थोडी आहेत म्हणून वस्ती वगळली जात असेल, तर हा मुद्दा लेखी मांडा.

आधी बघा, तुमची अडचण कोणती

योजना अजून कागदावर असेल तर सगळ्यात सोपं. प्रत्येक गावाचा एक गाव कृती आराखडा असतो आणि तो ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा आणि पाईपलाईनचा नकाशा बघायला मागा. शाळा, मारुतीचं देऊळ, टाकी अशा खुणा धरून आपलं घर शोधा. सापडलं नाही, तर ग्रामसभेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी अर्ज द्या. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथं विषय तोंडी मांडून भागत नाही. "अमुक वस्तीतील इतकी घरे आराखड्यात समाविष्ट करावीत" असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे, आणि त्याची नक्कल तुमच्या हातात पाहिजे.

काम चालू आहे आणि वस्ती सुटली आहे, ही अडचण सगळ्यात जास्त ठिकाणी दिसते. इथे ठरावासोबत पंचायत समिती पातळीवरच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाच्या उपअभियंत्याकडे अर्ज करायचा, प्रत जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याला. मागणी नेमक्या शब्दांत लिहा: सुटलेल्या घरांचं सर्वेक्षण करून सुधारित अंदाजपत्रक तयार करावं. त्याला पुन्हा तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता लागते. वेळ जातो. पण वाढीव काम ठेकेदाराकडून अधिकृतपणे करून घ्यायचा रस्ता हाच आहे.

योजना पूर्ण होऊन ग्रामपंचायतीकडे आली आहे आणि घर नंतर बांधलं आहे, तर नळजोडणीचा अर्ज थेट ग्रामपंचायतीकडे. लाईन थोडीच वाढवायची असेल तर ग्रामपंचायत विकास आराखड्यातून ती होऊ शकते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या वर्षांच्या निधीतला 60 टक्के बंधित ठेवला: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. म्हणजे दर 100 रुपयांतले 30 रुपये पाण्याचे. आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेत लोक सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकवर तासभर बोलतात. आधी विचारा की पाण्याचे 30 रुपये कुठे लावले.

सोबत काय जोडायचं

अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजूनही ग्रामसेवकच म्हणतो) यांच्या नावानं साध्या कागदावर चालतो. सोबत कुटुंबप्रमुखाचं आधार कार्ड, नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची चालू पावती आणि मोबाईल नंबर. बाकी नसल्याचा दाखला मागितला तर तो आणि नमुना 8 चा उतारा या दोन्ही लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा आहेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हव्यात. घर बापाच्या नावावर आणि बाप वारलेला, असं बऱ्याच घरी असतं. वारसाची नोंद होईपर्यंत थांबू नका. मृत्यूचा दाखला आणि घरातल्या इतरांची संमती जोडून अर्ज आत टाका.

माझा आग्रह एका जास्तीच्या कागदाचा. वहीच्या पानावर हातानं नकाशा काढा: शेवटचा व्हॉल्व्ह कुठे, तिथून आपलं घर किती पावलं, मधे रस्ता कोणाचा, नाला आहे का, कोणाचं वावर लागतं. अभियंत्याला पहिल्याच भेटीत अंदाज येतो. वस्तीतल्या दहा घरांनी दहा वेगळे अर्ज देऊन सोबत एक सामायिक नकाशा दिला, तर फाईल बाजूला सारणं अवघड जातं. प्रत्येक अर्जाची पोच, शिक्का आणि आवक क्रमांकासह घ्याच.

लाईन दुसऱ्याच्या वावरातून जाणार असेल तर त्या शेतकऱ्याचं लेखी संमतीपत्र आधी करून ठेवा. पेरणीच्या तोंडावर कोणी खोदू देत नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर तो ज्या विभागाचा, त्याची परवानगी योजना राबवणारं कार्यालय काढतं. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर भागात मधे वनजमीन आली की काम वर्षानुवर्षं अडकतं. तिथं वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) कामी येतं: पिण्याच्या पाण्याच्या लाईनसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर हे काम होऊ शकतं. ग्रामसभेचा ठराव त्या कलमाचं नाव घेऊनच लिहा.

पैसे कोणी, किती

महाराष्ट्रात मिशनचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी असते. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या आणि 50 टक्क्यांहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या असलेल्या गावांत ती 5 टक्के. रोख, वस्तू किंवा श्रमदान, कशातही देता येते. ती ग्रामपंचायतीत भरायची आणि पावती घ्यायची. ठेकेदाराच्या माणसानं दारात येऊन "जोडणीचे एवढे द्या" म्हटलं तर एक रुपया देऊ नका.

निविदा निघाली, आता लक्ष कुठे ठेवायचं

मान्यता मिळाली की निविदा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या पोर्टलवर निघते. तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे, मग पात्र ठेकेदारांतला कमी दर, मग कार्यारंभ आदेश. या आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत असायला हवी. त्यात पाईपाचा व्यास, लांबी, चराची खोली, घरांची संख्या आणि कामाची मुदत सगळं असतं. फोडलेला सिमेंट रस्ता पूर्ववत करणं धरलं आहे का, तेही बघा. नसेल तर पावसाळ्यात चिखल तुडवायची पाळी आपल्यावर येते.

आमच्या वस्तीचं सांगतो. काम आलं तेव्हा पऱ्हाटीचा (कापसाचा) हंगाम, गावात माणूस नाही. ठेकेदाराच्या पोरांनी दोन दिवसांत चर खोदून बुजवलासुद्धा. पुढच्या चैत्रात काळी माती भेगाळली, ट्रॅक्टर गेला आणि लाईन फुटली. उकरून बघितलं तर पाईप जेमतेम गुडघाभर खाली. खाली मुरूम नाही, रेती नाही, नुसती काळी ढेकळं. आपली माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पाईपाला पिळते, म्हणून तर खालच्या थराला एवढं महत्त्व. आम्ही काम बघितलंच नव्हतं, बोलायला तोंड कुठे होतं?

म्हणून चर उघडा असतानाच टेप घेऊन जा. खोली मोजा, टेपसकट फोटो काढा, पाईपावर छापलेला आयएस 4984 हा (अशा पाण्याच्या पाईपांच्या भारतीय मानकाचा) क्रमांक वाचा. बुजवण्याआधी लाईनची दाबचाचणी व्हायला हवी. ती कधी आहे हे शाखा अभियंत्याला विचारून तिथं उभं राहा. बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून, आणि त्या पुस्तिकेतली लांबी-खोली आपल्या टेपशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून तिची नक्कल मागता येते, 30 दिवसांत. त्याच कायद्याच्या कलम 2(ञ) खाली चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

ठेकेदाराची बाजूही धरून ठेवा. केंद्राचा निधी अडल्यानं राज्यभर या कामांची देयकं थकली आणि कित्येक ठिकाणी कामं अर्धवट थांबली. तुमच्याकडे काम बंद असेल तर कारण आळस की थकलेलं बिल, हे उपअभियंत्याकडून लेखी घ्या. पुढचा अर्ज कोणाकडे न्यायचा ते त्यावरून ठरतं.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. नावं बहुतेक गावांत असतात, पण बैठकीला बोलावणं जात नाही. लाईन कुठवर जावी हे पाणी भरणारीइतकं कोणाला कळतं? आमच्या समितीतल्या एका काकूंनी अभियंत्याला सरळ विचारलं, "टाकी खालच्या अंगाले बांधून वरच्या पुऱ्यात पाणी चढन कसं?" त्यानंतर वरच्या भागासाठी वेगळा व्हॉल्व्ह नकाशात आला.

पाणी कोणतं येणार

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या गावांत, जमिनीतलं पाणीच खारं, म्हणून बोअर मारून भागत नाही. तिथं वान धरणावरच्या 84 खेडी योजनेसारख्या प्रादेशिक योजनांचं पाणी लागतं. अशा ठिकाणी गावातली लाईन वाढवायची तर ती प्रादेशिक योजना जो विभाग चालवतो, त्याच्याकडेही अर्जाची प्रत द्या, कारण वाढीव घरांचं पाणी वरून मंजूर व्हावं लागतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. उद्भवाचा, म्हणजे योजनेचं पाणी जिथून घेतात त्या स्रोताचा, तपासणी अहवाल मागा आणि हा आकडा त्यात शोधा. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्यानं बंदी आहे, तेही ध्यानात असू द्या. नाहीतर आपलाच उद्भव आपणच आटवतो.

ताब्यात घेण्याआधी

काम संपलं की चाचणी म्हणून पाणी सोडतात आणि मग योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते. त्या कागदावर सही व्हायच्या आधी शेवटच्या घराच्या तोटीखाली 15 लिटरची बादली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. बादली 2 मिनिटांत भरली आणि पाणी 40 मिनिटं राहिलं, तर 300 लिटर झालं. पाच माणसांच्या घराला 275 लागतं. चौकातल्या घरची बादली मोजून उपयोग नाही. शेवटच्या घरी कमी भरलं तर तो आकडा, तारीख आणि घरमालकाची सही घेऊन समितीच्या इतिवृत्तात लिहा आणि दुरुस्ती होईपर्यंत हस्तांतरण थांबवा. सही झाल्यावरही कामाचा दोष दायित्व कालावधी शिल्लक असतो. करारात तो किती महिन्यांचा आहे ते बघून ठेवा. तेवढ्या दिवसांत फुटलेली लाईन ठेकेदारानंच दुरुस्त करायची असते, पाणीपट्टीच्या पैशातून नाही.