जपानी अक्षरं मेंदू कशी वाचतो

जपानी मजकुरात तीन लिप्या एकाच वाक्यात येतात. कांजी म्हणजे चीनमधून आलेली चिन्हं, आणि हिरागाना नि काताकाना या दोन उच्चाराप्रमाणे चालणाऱ्या लिप्या (दोघींना मिळून काना म्हणतात), प्रत्येकीत मूळ अक्षरं 46. रोजच्या वापरासाठी सरकारने 2010 मध्ये ठरवलेल्या यादीत 2136 कांजी आहेत. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तरी वाचणारा अडत नाही, कारण शब्दाचा मुख्य भाग बहुतेक कांजीत असतो आणि प्रत्यय हिरागानात, त्यामुळे नजरेला ठसठशीत कांजीचा आधार मिळत जातो.

काना लिपीचं अक्षर बरंचसं आपल्या क, म, त सारखं, उच्चार ठरलेला. कांजीचं तसं नाही, डोंगराची कांजी एकटी असली की 'यामा', आणि फुजीसानमध्ये (फुजी पर्वताचं जपानी नाव) तीच 'सान', म्हणजे नुसता आकार ओळखून भागत नाही, शब्द कुठला आहे हे पण मेंदूला त्याच क्षणी कळावं लागतं.

कांजी उजव्या मेंदूत आणि काना डाव्या, असं अजूनही खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चुकीचं आहे. 1970 च्या दशकातल्या प्रयोगांत नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर दाखवलेली एकटी कांजी (ती आधी उजव्या मेंदूकडे जाते) जास्त नीट ओळखली गेली, तिथून ही समजूत पसरली, पण दोन कांजींचा शब्द दाखवला की तो फायदा राहिला नाही. स्कॅनमध्ये दोन्ही लिप्यांसाठी डाव्या मेंदूचा मागचा खालचा भागच मुख्य दिसतो, कांजीला उजव्या बाजूची जोड जरा जास्त असते इतकंच.

फरक आहे तो वाटेचा, आणि तो खरा कळला पेशंटकडून. जपानी मानसोपचारतज्ज्ञ इमुरा त्सुनेओ यांनी 1943 मध्ये असे रुग्ण वर्णन केले जे काना घडाघडा वाचायचे पण कांजीला भलताच उच्चार लावायचे आणि अर्थही लागायचा नाही. उलटे रुग्णही सापडले, कांजी कळते पण काना अडतो. यावरून मेंदूविकारतज्ज्ञ इवाता माकोतो यांनी 1984 मध्ये दोन वाटा मांडल्या, काना कानशिलाच्या वर मागे असलेल्या अँग्युलर जायरसमधून आवाजाकडे आणि कांजी खालच्या टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागातून अर्थाकडे. आज हे इतकं कप्पेबंद मानत नाहीत, रोज दिसणारा काना शब्दही अख्खाच ओळखला जातो, म्हणून नेहमी काताकानात दिसणारा 'तेरेबी' म्हणजे टीव्ही हा शब्द हिरागानात लिहिला तर वाचायला वेळ लागतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाताचा भाग. कांजी आठवत नसली की जपानी माणसं हवेत किंवा तळहातावर बोटाने ती गिरवतात, याला कुशो म्हणतात. मेंदूच्या इजेमुळे वाचता न येणारे काही रुग्ण अक्षर बोटाने गिरवलं की ते ओळखतात, म्हणजे अक्षराची आठवण नुसती डोळ्यांची नाही, रेघांच्या क्रमाची आणि हाताच्या हालचालीचीही आहे, आणि शाळेतही तोच क्रम पुन्हा पुन्हा गिरवून घेतात.