खुनामागचा हेतू : रेणुकेपासून कलम 372 पर्यंत

गोव्यात कायद्याचा विषय निघाला की बोलणं 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर येतं. पती-पत्नीचा मालमत्तेत समान वाटा, सगळ्या धर्मांना एकच कायदा, हे आपण अभिमानाने सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. त्याच राजवटीची 1886 ची दंडसंहिता मात्र विस्मरणात गेली आहे. खून म्हणजे काय आणि कोणता खून किती क्षम्य, हे 1961 च्या मुक्तीपर्यंत गोव्यात ती संहिता ठरवत होती.

तिच्या 372 व्या कलमानुसार, पत्नी व्यभिचार करताना आढळली आणि नवऱ्याने त्याच वेळी तिला, तिच्यासोबतच्या पुरुषाला किंवा दोघांनाही ठार मारलं, तर त्याला शिक्षा एवढीच: सहा महिने आपल्या कोमार्काबाहेर, म्हणजे न्यायालयीन जिल्ह्याबाहेर, राहायचं. सासष्टीतल्या माणसाने बारदेशात जाऊन दिवस काढले की दोन जिवांचा हिशेब मिटला. त्याने केलेली इजा किरकोळ असेल, तर शिक्षाच नाही. वडिलांच्या ताब्यात राहणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत आई-वडिलांनाही हीच सूट होती. पत्नीलाही सवलत होती, पण नवऱ्याने दुसरी बाई राहत्या घरातच आणून ठेवली असेल तरच. नवऱ्याने बाहेर काहीही केलं तरी तिच्या संतापाची कायद्याने दखल घेतली नव्हती.

हा कायदा करणारा देश क्रूर म्हणून ओळखला जात नव्हता, उलट युरोपात पुढे होता. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्येच रद्द केली आणि 1870 मध्ये वसाहतींतही ती बंद केली. खुन्याचा जीव सरकारनेही घेऊ नये इतकी माणुसकी ज्या व्यवस्थेत होती, तिला मारल्या गेलेल्या बायकोच्या जिवाची किंमत सहा महिन्यांच्या स्थलांतराएवढी वाटली. पोर्तुगालमध्ये हे कलम 1975 मध्ये रद्द झालं. आपल्याकडे ते त्याआधीच गेलं, कारण मुक्तीनंतर भारतीय दंडसंहिता लागू झाली.

खुनाच्या कायद्यात उद्देश आणि हेतू या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. मारायचंच होतं का, हा उद्देशाचा प्रश्न आहे, आणि 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेत खून ठरायचा तो त्यावर आणि कृत्याच्या परिणामाची जाणीव होती का, यावर. का मारलं, हा हेतू झाला. जुन्या पुरावा कायद्याच्या आठव्या, आणि 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या सहाव्या, कलमाप्रमाणे हेतू न्यायालयापुढे येऊ शकतो, पण प्रत्यक्ष साक्षीदार विश्वासार्ह असतील तर तो सिद्ध झाला नाही तरी खटला उभा राहतो. परिस्थितिजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात मात्र हेतूला फार वजन येतं. तेवढ्यावर भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या शरद बिर्धीचंद सारडा निकालात पाच तत्त्वं घालून देऊन स्पष्ट केलं: पुराव्याची साखळी अखंड हवी आणि तिच्यातून आरोपीचा दोष याखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये.

हेतू शोधायची ही पद्धत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचा अध्याय आहे. अचानक मेलेल्या माणसाच्या प्रेताला तेल लावून ते तपासावं असं तिथे सांगितलं आहे, आणि गळफास, बुडणं, विष यांच्या खुणाही दिल्या आहेत. मग येते रोषाच्या कारणांची यादी: स्त्री, वारसा सांगणारे भाऊबंद, धंद्यातली चढाओढ, प्रतिस्पर्ध्याचा द्वेष, बाजार, संघ-समूह किंवा कोर्टकज्ज्याचा कोणताही विषय. रोषातून घात होतो, म्हणून आधी रोष शोधा, असा त्याचा क्रम आहे. आज आपल्या पोलीस ठाण्यात तपासाची सुरुवात याहून फार वेगळी होत असेल असं मला वाटत नाही. या यादीने माणूस निर्दोष ठरत नाही, तिचा उपयोग माग काढण्यापुरता आहे, आणि कौटिल्याची ही शिस्त मला 1886 च्या संहितेपेक्षा न्याय्य वाटते.

साहित्याने हेतूकडे जास्त खोलवर पाहिलं, आणि तिथे शूद्रकाच्या मृच्छकटिकाला तोड नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. त्यातला नवव्या अंकातला खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. गणिका वसंतसेना नकार देते म्हणून राजाचा मेहुणा शकार तिचा गळा दाबतो, ती मेली असं समजून न्यायालयात जातो आणि तिचा प्रियकर चारुदत्त याने पैशासाठी तिला मारलं असा आरोप करतो. बोलता बोलता 'मी नव्हे' असं त्याच्या तोंडून निसटतं, तरी राजाच्या मेहुण्याला कोण धरणार? चारुदत्ताने असं केलं असेल यावर न्यायाधीशाचाच विश्वास बसत नाही. पण वसंतसेनेची आई, पहारेकरी, एकेक साक्ष होत जाते आणि शेवटी चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून तिचे दागिने भर न्यायालयात खाली पडतात. ज्या चारुदत्ताने औदार्यापायी दारिद्र्य ओढवून घेतलं, त्याचं दारिद्र्यच त्याच्याविरुद्धचा हेतू ठरतं. ब्राह्मणाला देहान्त शिक्षा नको, असं न्यायाधीश मनूच्या आधारे सांगतो, तरी पालक नावाचा राजा वधाची आज्ञा देतो. खऱ्या खुनशी माणसाचा हेतू, म्हणजे नकार सहन न झालेल्या पुरुषाचा संताप, त्या न्यायालयात कुणी विचारातच घेत नाही. गरिबाला पैशाचा मोह झाला असेल, हे मात्र सगळ्यांना चटकन पटतं.

दागिन्यांचा हेतू कधी कधी खराही असतो. 2009 मध्ये गोव्यात उघडकीला आलेल्या खूनमालिकेत लग्नाचं आमिष दाखवून बोलावलेल्या स्त्रियांचे गळे दुपट्ट्याने आवळल्याचं आणि अंगावरचं सोनं काढून घेतल्याचं तपासात पुढे आलं. काही खटल्यांत जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी सुटका. वर्षानुवर्षं बेपत्ता राहिलेल्या त्या बहुतेक बायका साध्या, कष्टकरी घरांतल्या होत्या, आणि त्यांच्या शोधाची घाई फारशी कुणाला झाली नव्हती.

संशयी नवऱ्याची गोष्ट तर आपल्या भूमीच्या कथेशीच जोडलेली आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण-गोव्याची जमीन वर आली, हे आपण बाणावलीचं नाव घेऊन सांगतो. त्याच परशुरामाने वडिलांच्या आज्ञेवरून आईचा शिरच्छेद केला होता. महाभारताच्या वनपर्वात रेणुकेचा अपराध सांगितला आहे तो एवढाच, की जलक्रीडा करणाऱ्या राजाला पाहून तिचं मन क्षणभर विचलित झालं. थोरल्या मुलांनी आज्ञा मोडली, परशुरामाने पाळली, पण वर मागताना पहिल्यांदा आईचा जीव परत मागितला आणि आपल्या हातून झालेला वध तिला आठवू नये असंही मागितलं. मला या कथेत त्या मागण्याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. संशयापायी बायकोला मारणाऱ्या शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला तशी संधी मिळत नाही. देवलांच्या 'झुंजारराव'मधून हे नाटक मराठीत आलं आणि मत्सराला पुराव्याची गरज नसते, एक रुमाल पुरतो, हे आपल्या प्रेक्षकांनीही पाहिलं.

भारतीय कायदाही नवऱ्याच्या रागाकडे पूर्ण पाठ फिरवत नाही. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' या अपवादाखाली खून हा सदोष मनुष्यवध ठरू शकतो. नानावटी खटल्यात हाच मुद्दा होता. 1959 मध्ये नौदलातल्या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या, ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, लोकांची सहानुभूतीही त्याच्याच बाजूला होती. पण उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 24 नोव्हेंबर 1961 रोजी ती जन्मठेप कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यात सुमारे तीन तास गेले होते, त्यात त्याने जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. यानंतर पंचवीस दिवसांनी गोवा मुक्त झाला.

पुढे कायद्याने हेतूकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम 304 ब आलं: लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूच्या आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवता आलं, की सासरच्यांवर दोषाचं गृहीतक. इथे पैशाचा लोभ गुन्ह्याच्या व्याख्येतच आला, आणि तो यायला किती मुली जळाव्या लागल्या हे त्या काळची वर्तमानपत्रं वाचलेल्यांना ठाऊक आहे. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, लिंग, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळं स्थान मिळालं आहे. प्रक्षोभाचा जुना अपवाद कलम 101 मध्ये तसाच आहे. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला घराण्याच्या इभ्रतीसाठी एकट्या बापाने किंवा भावाने मारलं, तर त्या हेतूचं नाव घेणारं स्वतंत्र कलम अजून नाही. ते व्हायला हवं.