मामादू दिया

मामादू दिया (१९१०–२००९) : पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचे पहिले पंतप्रधान. जन्म खोंबोलचा, जन्मसाल काही ठिकाणी १९११ पण दिसतं. पेशानं मास्तर. १९४८ मध्ये लेओपोल सेंघोर यांच्यासोबत पक्ष काढला आणि त्याच साली फ्रेंच सिनेटवर गेले; सेनेगल तेव्हा फ्रेंच अमलाखाली होता. शेजारच्या मालीसोबतचं फेडरेशन (संघराज्य) ऑगस्ट १९६० मध्ये मोडल्यावर सेंघोर राष्ट्राध्यक्ष झाले आणि रोजचा कारभार, अर्थकारणासकट, दियांकडे राहिला.

देशाचं सगळं पोट भुईमुगावर. दियांनी त्याची खरेदी फ्रेंच व्यापारी कंपन्यांकडून काढून सरकारी मंडळ आणि सहकारी संस्थांकडे वळवायला घेतली, त्यामुळे कंपन्या बिथरल्याच, पण शेतकऱ्यांवर वजन असलेले मुरीदांसारख्या सूफी मुस्लिम पंथांचे बडे धर्मगुरूही नाराज झाले.

खरा वाद डिसेंबर १९६२ चा. आणीबाणीच्या अधिकारांचा गैरवापर होतोय असं म्हणत खासदारांनी १४ तारखेला अविश्वास ठराव दिला. दियांचं म्हणणं, आधी पक्षाच्या बैठकीत बोला, मग सभागृहात या. कायद्याच्या अंगानं हे लंगडंच, पण एकाच पक्षाचं राज्य असताना अगदी बिनबुडाचंही नव्हतं. १७ तारखेला त्यांनी जेंडार्म म्हणजे निमलष्करी पोलीस पाठवून सभागृह रिकामं केलं, चार खासदार पकडले. उरलेले सभापती लामिन गे यांच्या घरी जमले आणि तिथंच ८० पैकी ४८ मतांनी सरकार पाडलं. लष्कराचे पॅराट्रूपर (छत्रीधारी सैनिक) सेंघोर यांच्या बाजूनं राहिले, दुसऱ्या दिवशी दियांना अटक.

याला सत्तापालटाचा प्रयत्न म्हणायचं का? सेंघोर यांच्या बाजूनं लिहिणारे तसंच म्हणतात. पण पंतप्रधान आधीच सत्तेवर होते, राष्ट्राध्यक्षांना हटवायचा हुकूम काही त्यांनी दिला नव्हता, तेव्हा दोन सत्ताकेंद्रं असलेल्या राज्यघटनेतली ही ओढाताण होती हे मत जास्त पटण्यासारखं आहे. अर्थात सभागृहात पोलीस घुसवणं त्यानं माफ होत नाही.

मे १९६३ मध्ये विशेष न्यायालयानं जन्मठेप दिली. वालदिओदिओ न्दियाये यांच्यासारखे सहकारीही आत गेले. केदुगूच्या तुरुंगातून दिया १९७४ मध्ये माफी मिळून सुटले, १९८३ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पडले. पंतप्रधानपद तर १९६३ मध्येच रद्द झालं होतं, ते १९७० मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्दू दियूफ यांच्यासाठी परत आणलं गेलं.